चौथ्या प्रकरणातली घरं

"झोपली का?" शालन मॅडमनी दारातूनच कुजबुजत विचारलं.

"आत्ताच," मीही तेवढ्याच आवाजात म्हणाले. "चपला हळू काढा. त्या फरशीवर वाजतात."

त्यांनी चपला काढून सरळ हातातच घेतल्या. पन्नाशीच्या बाई, कागलजवळच्या हायस्कुलात समाजशास्त्र आणि इतिहास शिकवणाऱ्या, चोरपावलांनी आत आल्या आणि पाळण्याकडे मुद्दाम न बघता माझ्या टेबलापाशी गेल्या. झोपलेल्या मुलाकडे बघितलं की ते जागं होतं, अशी त्यांची खात्री असावी. पर्समधून त्यांनी हातरुमालाची एक गाठ काढली. ती सोडली तर आत पेनड्राइव्ह.

"हेडिंगं घालायची आहेत."

"सगळ्या प्रबंधाला?"

"नाही, बाकीच्यांना आहेत. चौथ्या प्रकरणालाच नाहीत. एकही."

कोल्हापुरात विद्यापीठाच्या रस्त्याला प्रबंध टाइप करून देणाऱ्या एका दुकानात मी आधी कामाला होते. इरा झाली तशी दुकान सुटलं, पण गिऱ्हाइकं सुटली नाहीत. ती घरी यायला लागली. आता इरा तिसरीत आहे, तेव्हा ती पाळण्यात होती, आणि ती झोपली की माझं ऑफिस उघडायचं.

माझं काम दिसायला सोपं. लोक हेडिंग करतात म्हणजे काय करतात, तर अक्षर ठळक करतात, जरा मोठं करतात, मधोमध आणून ठेवतात. डोळ्यांना ते हेडिंग दिसतं, पण कम्प्युटरच्या लेखी ती नुसती एक जाड ओळ. त्याला सांगावं लागतं की बाबा, ही पहिल्या पातळीची, ही तिच्या पोटातली, आणि ही त्या पोटातलीच्याही पोटातली. एकदा हे नीट सांगून ठेवलं की एक बटण दाबायचं. अख्ख्या प्रबंधाची अनुक्रमणिका आपोआप समोर येते. नंबर, नाव, टिंबटिंबांची रेघ, पान. मला त्या क्षणाचं भारी अप्रूप होतं. तोवर शे-दोनशे पानांचा नुसता ढीग असतो, आणि बटण दाबल्यावर कळतं की माणसाला काय म्हणायचं होतं. कधीकधी हेही कळतं, की त्याला काहीच म्हणायचं नव्हतं.

शालन मॅडमनी पर्समधून एक कागदही काढला. त्यांचे मार्गदर्शक कुंभोजकर सर यांनी लाल शाईत शीर्षकं लिहून दिली होती. ४.१ सामाजिक रचना. ४.२ व्यवसाय. ४.३ धार्मिक जीवन. ४.४ स्त्रियांचे स्थान.

"तुम्ही वाचा आणि कुठं काय बसतंय ते बघून घाला. मी बसले की हातच चालत नाही."

"कधीपर्यंत?"

"शुक्रवारी सरांची सही झाली पाहिजे. नाहीतर रजिस्ट्रेशन संपतं. मुदतवाढ दोनदा घेतली, तिसरी देत नाहीत."

"आणि संपलं तर?"

"तर काय, अकरा वर्षं पाण्यात." त्या जराशा हसल्या. "गाव गेलं तिथंच."

त्यांचं गाव आंबघोल. त्या कॉलेजात असताना ते धरणात गेलं, आणि सरकारनं लांब माळावर नवं आंबघोल वसवलं. त्यावरच त्यांचा प्रबंध होता. पहिली तीन प्रकरणं सगळ्या प्रबंधांत असतात तशी होती. पाचवं नव्या गावाबद्दल. चौथं जुन्या गावाचं.

त्या गेल्यावर मी ते चौथं प्रकरण उघडलं. वाचायचं नाही, नजर टाकायची आणि लाल शाईतली चार शीर्षकं चार ठिकाणी ठोकून मोकळं व्हायचं, असा माझा विचार. इरा उठायच्या आत.

'भैरोबाच्या देवळाला दोन पायऱ्या. खालची झिजलेली. देवळामागं गुरवाचं घर, दार पूर्वेला. गुरवीण आधी अंगारा लावी, मग विचारी, कुणाचं गं? तिथून उतरतीला पाटलांचा सोपा. तारूबाई पाटलीण उंबऱ्याच्या आतच उभी राही. मागं म्हशीचा हंबर. ती म्हणे, बस घटकाभर. बसायला वेळ नसे, अजून घरं असत.'

आणि मग पुढचं घर. घर, दाराची दिशा, उंबरा उंच की सखल, पदराला हात पुसत दारात आलेली बाई आणि तिच्या तोंडचा पहिला शब्द. मग पुढचं घर. पानंच्या पानं असंच. कुठं एका घरात भट्टीचा वास, कुठं सून बाळंत, कुठं दोन भावांत वाटणी होऊन एका दाराची दोन दारं झालेली. मध्ये तळटिपा होत्या, जमिनीचे आकडे होते, सगळं शिस्तीत होतं. पण कुठं श्वास घ्यायला जागा नव्हती.

'व्यवसाय' हे शीर्षक मी लोहाराच्या घरावर ठेवून पाहिलं. पण लोहारानंतर लगेच विठ्ठलाचं लहान देऊळ येत होतं, आणि त्यानंतर एका विधवेचं घर. तिला व्यवसायात ठेवू की स्त्रियांच्या स्थानात? बरं, ती पापड लाटून विकायची. प्रत्येक घरात सगळंच होतं. चार शीर्षकांत बसवायचं तर प्रत्येक घर चार ठिकाणी कापावं लागणार होतं.

मी मॅडमना फोन लावला. "मॅडम, हे सगळं सुटं करून, सरांच्या शीर्षकांप्रमाणं पुन्हा लावून देऊ का? मजकूर तुमचाच राहील. नुसता क्रम बदलेल."



"क्रम नका बदलू."

"मग सरांची शीर्षकं बसत नाहीत."

"तेही खरंय." पाठीमागं कुणीतरी म्हातारं माणूस एकसुरात काहीतरी म्हणत होतं. जप केल्यासारखं. "काहीतरी बघा. पण क्रम तेवढा नका हलवू."

"का, पण?"

"नका हलवू," त्या म्हणाल्या आणि शाळेची घंटा झाल्यासारखा फोन ठेवून दिला.

आता मला त्या क्रमाची खोड लागली. कापडं वाळत घालताना, भात लावताना, इराला मांडीवर घेऊन पेज भरवताना माझं तेच. गुरव, पाटील, मग न्हावी, मग एकदम तीन घरं सोडून पलीकडचे देशमुख. का? जातीप्रमाणं म्हणावं तर न्हावी मध्येच. अंतराप्रमाणं म्हणावं तर त्या मधल्या तीन घरांची पाळी परतीच्या वाटेवर येत होती. अक्षरांच्या क्रमानं तर नाहीच. इराला घास भरवता भरवता मी तिला म्हणाले, "सांग बघू, देशमुख आधी का?" तिनं घास माझ्याच अंगावर फुर्रकन उडवला.

घरात तेव्हा तिच्या जावळाची गडबड होती. पहिल्यांदा केस काढायचे, मामाच्या मांडीवर बसवून. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, दिवाणावर मांडी घालून सगळ्यांना फोनवरून आवतण देत होत्या. चष्मा नाकावर, फोन कानापासून वीतभर लांब.

"व्हय, रविवारी. समद्यांनी यायचं... अगं, तुलाच आधी लावलाय की! ... कोण म्हंतंय? गडहिंग्लजला काल लावला, ते आपलं सहज बोलता बोलता झालं... न्हाई गं बाई, तू थोरली, तुला डावलून कसं चालंल?"

फोन ठेवून त्यांनी कपाळाला हात लावला. "झालं! रुसली तुझी कागलची नणंद. गडहिंग्लजला आधी कळलं म्हणं. आता हिला गोड करायला मला जाऊन यावं लागणार."

"एवढं काय त्यात, आत्ती? फोन आधी काय आणि मागं काय."

"तुला न्हाई कळायचं. आवतणाला क्रम असतोय. आधी देव, मग गुरव, मग मानाची घरं. मग रस्त्यात दुसरं घर लागू दे न्हाईतर तिसरं, तोंड फिरवून म्होरं जायाचं आणि येताना घ्यायचं."

माझ्या हातातला इराचा चमचा तसाच राहिला.

"आत्ती, आणि माझ्या भावाला लावला का फोन? मामाच्या मांडीवर जावळ काढायचं आणि मामालाच ठाऊक नाही."

"त्याला कशाला? घरचाच की तो. घरच्याला कसलं आवतण?"

मी इराला त्यांच्या मांडीवर दिलं आणि कम्प्युटरकडं पळाले. प्रकरण पुन्हा पहिल्यापासून वाचलं. देव, गुरव, पाटील. न्हाव्याचं घर मानाचं, म्हणून मध्ये. मग तोंड फिरवून देशमुख. जाताना सोडलेली तीन घरं येताना. कुणीतरी त्या गावातून आवतण देत चाललं होतं. म्हणून प्रत्येक घर उंबऱ्यापर्यंतच होतं. आत कुठंच जात नव्हतं. म्हणून दारात सगळ्या बायाच येत होत्या, आणि जवळजवळ प्रत्येक जणी विचारत होती, कुणाचं गं? म्हणजे कार्य कुणाचं. आणि ते चालणारं माणूस कोण, याबद्दल इतक्या पानांत एक अक्षर नव्हतं.

इराच्या पुढच्या दोन-तीन झोपांत मी हेडिंगं घातली. लाल शाईचा कागद बाजूला ठेवला. आळी ही दुसरी पातळी, घर ही तिसरी. घराला नाव त्या दारात येणाऱ्या बाईचं, कारण मजकुरात तेच होतं. वेशीबाहेरच्या घरांपाशी जरा थांबले. तिथले परिच्छेद आखूड होते. एक लहानसा मथळा देऊन सगळी एकात गुंडाळता आली असती, पण मग वरच्या आळीतल्या प्रत्येक घराला नंबर आणि यांना मिळून एक, असं झालं असतं. मी त्यांनाही एकेक नंबर दिला. चूक असेल तर मॅडम सांगतील.

शेवटी शेवटी इरा मांडीवरच होती. तिला की-बोर्ड बडवायला फार आवडायचं. दोन्ही तळहातांनी, तबला वाजवल्यासारखं. तिचे हात धरत धरत मी बटण दाबलं, प्रिंट काढली आणि मॅडमना फोन केला.

गुरुवारी दुपारी त्या आल्या. मी अनुक्रमणिकेची पानं त्यांच्यापुढं ठेवली. चष्मा लावून त्या वाचायला लागल्या, आणि वाचता वाचता त्यांचं बोट कागदावरून चालायला लागलं. घराघराशी थांबत. वळणावर वळत.

"तुम्हाला कसं कळलं?"

"आमच्या आत्तींनी कागलच्या नणंदेला रुसवलं, त्यावरनं."

त्या हसल्या नाहीत. "आई जायची," त्या म्हणाल्या. "लग्न असो, बारसं असो, आमच्या गावात आवतण द्यायचं काम परटिणीचं. एका हातात कुंकवाचं तबक, दुसऱ्या हाताला मी. मला वाटायचं सगळं गाव आमच्याच ओळखीचं आहे. नवं गाव झालं तेव्हा प्लॉट चिठ्ठ्या टाकून दिले. देशमुखांच्या शेजारी कोण, तर चिठ्ठीत निघेल तो. आई तिथं एकदाच निघाली आवतणाला. तिसऱ्या घरालाच चुकली. परत आली आणि तबक फळीवर ठेवून दिलं."

"फोनवर मागं आवाज येत होता, त्या?"

"हो. आता तिला काही आठवत नाही. माझं नावसुद्धा कधी आठवतं, कधी नाही. पण दुपारी खाटेवर पडल्या पडल्या सगळी फेरी म्हणते. देवळापासून ओढ्यापर्यंत, एकही घर न चुकता. मी ते उतरवून घेतलं. पण मध्येच काही विचारलं, लोहाराचं जोतं केवढं होतं गं, की तिचं सगळं विस्कटतं. मग रडते. पुन्हा देवळापासून सुरू करायला लागतं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणून म्हटलं, क्रम नका हलवू."

"हे प्रकरणात लिहिलं का नाही?"

"काय लिहू?" त्या एकदम परक्या आवाजात म्हणाल्या. "सर ही शीर्षकं बघून काय म्हणतील तेच कळत नाही. तुम्ही उद्या येता का बरोबर? त्यांनी बदल सांगितले तर तिथंच करून द्यायला. मला ते स्टाइलबिइल काही येत नाही."

वेशीबाहेरच्या घरांचं मी विचारलं. त्यांचं बोट तिथं गेलं, एकेका नंबरावरून फिरलं. "तिकडं लांबूनच हाळी द्यायची, असा रिवाज होता," त्या म्हणाल्या. "आई दारापर्यंत जायची. राहू द्या नंबर."

शुक्रवारी इराला कडेवर आणि लॅपटॉप पाठीवर घेऊन मी कुंभोजकर सरांच्या केबिनमध्ये उभी राहिले. उंच, किडकिडीत, निवृत्तीला आलेले सर. चष्मा कपाळावर आणि ते टेबलावर चष्माच शोधत होते. मॅडमनी खुणेनं दाखवल्यावर सापडला.

"हे बाळ कोणाचं?"

"माझं, सर."

"संशोधन करतं?"

"सध्या की-बोर्डवर चालू आहे."

"उत्तम. क्षेत्रकार्य लवकर सुरू केलेलं बरं." त्यांनी अनुक्रमणिका पुढं ओढली आणि चौथ्या प्रकरणाशी आले. मोठ्यानं वाचायला लागले. "भैरोबाचं देऊळ. वरली आळी. गुरविणीचं घर. तारूबाई पाटलिणीचा सोपा." ते थांबले. "मी दिलेली शीर्षकं कुठं आहेत?"

"बसली नाहीत, सर," मॅडम म्हणाल्या.

"शीर्षकं बसत नसतात, मॅडम. बसवायची असतात."

"बसवली असती तर घरं हलली असती."

सरांनी मान वर केली. इतक्या वर्षांत मॅडमनी त्यांना उलटून काही म्हटलं नसावं. त्या स्वतःच दचकल्यासारख्या दिसल्या.

"ठीक आहे. मग मला सांगा, हा क्रम कसला आहे? जात नाही, व्यवसाय नाही, मिळकत क्रमांक नाही. पाटलांनंतर न्हावी, त्यानंतर तीन घरं ओलांडून देशमुख. परीक्षक हेच पहिलं विचारणार. मीही चार वर्षं हेच विचारतोय आणि तुम्ही गप्प बसताय."

मॅडमनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. खिडकीबाहेर मोर ओरडला. इरानं त्याला उत्तर दिलं.

"आवतणाचा क्रम आहे, सर."

"म्हणजे?"

मग मॅडमनी सांगितलं. मला सांगितलं होतं त्यापेक्षा थोडक्यात, वर्गात सांगतात तसं. सर खुर्चीत हळूहळू पुढं सरकत गेले. त्यांनी प्रकरण उघडलं, चार पानं उलटली, मागं आले, पुन्हा पुढं गेले. मी दोन दिवसांपूर्वी जे केलं तेच ते करत होते. त्यांचा चेहराही नवीन डबा उघडायला दिल्यावर इराचा होतो तसा झाला होता.

"म्हणजे गाव कोणाला कोणाच्या आधी मोजत होतं, ते सगळं या फेरीत आहे. आणि जाताना सोडलेलं घर येताना का घ्यायचं, तेही." त्यांनी पान बोटात धरून ठेवलं. "या प्रकरणात आवतण हा शब्द मी एकदाही वाचलेला नाही."

"लिहिला नाही, सर."

"का?"

"ते माझ्या आईचं काम. परटिणीचं." मॅडम टेबलाकडं बघत होत्या. "मला वाटलं, हे संशोधनात लिहायचं नसतं."

सरांनी बोटातलं पान सोडलं. मग म्हणाले, "अकरा वर्षं माझ्यासमोर बसलात, आणि हे मला अनुक्रमणिकेनं सांगावं?" आवाज रागाचा होता. राग कोणावर होता ते मला कळलं नाही. मॅडमवर नसावा.

त्यांनी पुन्हा अनुक्रमणिका घेतली आणि चौथ्या प्रकरणाच्या शेवटपर्यंत आले. ओढ्याकाठ. वेशीबाहेरची घरं, एकेक. मग त्यांचं पेन थांबलं.

"हे काय? नंबर आहे आणि नाव नाही."

मी वाकून बघितलं. प्रकरणाच्या अगदी शेवटी एक नंबर, त्यापुढं नुसती कोरी जागा, टिंबटिंबांची रेघ आणि पान. माझे कान तापले. कुठंतरी एक जास्तीची ओळ पडली होती आणि त्या रिकाम्या ओळीला हेडिंगची स्टाइल चिकटली होती. अशा वेळी कम्प्युटर भाबडेपणानं तिलाही नंबर देतो. इराचा तबला.

"काढते, सर. चुकून पडलंय. एका मिनिटात जाईल." मी लॅपटॉप उघडला, ती ओळ गाठली आणि पुसायला बोट नेलं.

"थांबा," सर म्हणाले. "मला वाटलं मुद्दाम ठेवलंय. तिसऱ्या प्रकरणातल्या तक्त्यात एक कुटुंब जास्त आहे. इथं एक घर कमी पडतं. ते इथलं का?"

मी मॅडमकडं बघितलं. घरं मोजायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. फेरीत सगळं गाव होतं. फेरी घालणारी राहायची कुठं, हे मीही विचारलं नव्हतं.

"आमचं," मॅडम म्हणाल्या. "ओढ्याच्या काठाला. आई फेरी संपली की ओढ्यावर पाय धुवायची आणि घरात यायची. ती म्हणताना ओढ्यापाशीच थांबते. मग मीही तिथंच थांबले."

"तुमच्याकडं आवतण कोण द्यायचं?"

मॅडमनी माझ्या हातापुढून लॅपटॉप हळूच आपल्याकडं ओढला.

"इथं टाइप केलं तर हेडिंगच होईल ना?" त्यांनी मला विचारलं.

"तिथं जे लिहाल ते हेडिंगच होईल."

"काय लिहू?" हे त्यांनी कोणाला विचारलं कुणास ठाऊक.

"बाकीच्या घरांना काय लिहिलंय?" सर म्हणाले.

मॅडमनी एकेका बोटानं, अक्षर शोधत शोधत टाइप केलं. कोंडाबाई परटिणीचं घर. ते ठळक अक्षरात, नंबराला लागून, बाकीच्या घरांसारखंच उमटलं. त्या त्याच्याकडं बघत राहिल्या.

"शीर्षकाखाली मजकूर लागतो, मॅडम," सर आता हळू बोलत होते. "नुसतं शीर्षक ठेवता येत नाही. नियम आहे."

"पण सर, मजकूर काय? प्रत्येक घराला दारात आलेली बाई आहे. तिचा शब्द आहे. आमच्या दारात कोणी आलंच नाही."

"मग तेच लिहा."

त्यांनी लिहिलं. इरा चुळबुळ करायला लागली म्हणून मी तिला घेऊन व्हरांड्यात गेले, मोर दाखवला, परत आले तरी त्या लिहीतच होत्या. नंतर मी ते वाचलं. चारच ओळी होत्या. 'या घराचं दार मावळतीला. उंबरा सखल. सगळ्या गावाला कार्यं कळत ती या घरातून. या घरी आवतण कधी आलं नाही.'

सरांनी प्रकरणाच्या सुरुवातीला फेरीबद्दल दोन पानं मॅडमकडून लिहून घेतली, तिथंच बसवून, स्वतःचं जेवण लांबवून. मग मी पुन्हा बटण दाबलं. या वेळी कुठंही कोरी जागा नव्हती. त्यांनी सही केली, तारीख घातली, आणि लाल शाईचा तो जुना कागद मॅडमसमोर चुरगाळून स्वतःच्या खिशात ठेवला. टोपली शेजारीच होती, तरी खिशात.

घरी आल्यावर मी आत्तींना म्हटलं, "कागलला जाऊन येते. एक आवतण राहिलंय."

"तिला मी केलं गोड. साडी घेती म्हणलं."

"त्यांना नव्हे. शालन मॅडमच्या आईंना."

"फोन लाव की."

"नाही, जाऊनच येते."

आत्तींनी मला खालून वर न्याहाळलं. मग काही न विचारता देव्हाऱ्यापाशी गेल्या, कुंकवाचा करंडा आणि हळदीच्या अक्षता एका लहान तबकात ठेवून तबक माझ्या पिशवीत घातलं. "आणि ऐक," त्या म्हणाल्या, "तुझ्या भावाला लावला सकाळी फोन. घरचा असला म्हणून काय झालं? कानावर घातलेलं बरं."

दुसऱ्या दिवशी मॅडम शाळेत होत्या. मी मुद्दामच तेव्हा गेले. दार नुसतं लोटलेलं होतं, आणि आतून तो एकसुरी आवाज येत होता. "... तारूबाई म्हंती बस. बसायचं न्हाई. खाली न्हाव्याचं..." मी तबक हातात घेऊन दारातच थांबले. मध्ये बोललं की विस्कटतं. फेरी देशमुखांकडून वळली, सोडलेली घरं घेतली, लोहाराच्या भट्टीवरून उतरली. इराही माझ्या खांद्यावर मान टाकून ऐकत होती. "... आन् वढा," आवाज म्हणाला, आणि थांबला.

मी कडी वाजवली.

खाट करकरली. लहानखुऱ्या, पांढऱ्या केसांच्या बाई पदराला हात पुसत आल्या. हात कोरडेच होते. उंबऱ्याच्या आत उभं राहून त्यांनी माझ्या हातातल्या तबकाकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग माझ्या मागं रस्त्याकडं. तबक माझ्या हातात आणि त्या आतल्या बाजूला, हे त्यांना उलगडत नसावं. एकदा त्यांनी तबक घ्यायला हात पुढं केला. मग तो मागं घेतला.

मी वाट बघितली. आणि मग, इतक्या घरांतून त्यांनी ऐकलेले शब्द त्यांच्याच तोंडून आले.

"कुणाचं गं?"

"इराचं," मी म्हणाले. "जावळ आहे, रविवारी. समद्यांनी यायचं."

मी त्यांच्या कपाळाच्या गोंदणाखाली कुंकू लावलं, हातावर अक्षता ठेवल्या. त्यांनी मूठ मिटली. मग इराच्या पायाला हात लावून बघितला, खरी आहे का म्हणून बघितल्यासारखा, आणि म्हणाल्या, "उनातनं आलीस. बस घटकाभर."

त्यावरचं उत्तर मला पाठ होतं. बसायला वेळ नाही, अजून घरं आहेत. पण मला पुढं घरच नव्हतं. मी चपला काढल्या आणि आत जाऊन बसले.